स्क्रीन आपली, तर पाणीही आपलं

(तरुणांच्या पोस्टर-शिबिरातलं भाषण)

मी भाषण ठोकायला आलेलो नाही. स्क्रीन कशी तयार करायची, तेवढं सांगायला आलोय.

एकदा एका प्रेसवाल्यानं आमचं पोस्टर वाचलं आणि म्हणाला, 'एवढा एक शब्द काढा, मग छापतो.' शब्द आम्ही काढला नाही. पोस्टर निघालं नाही. त्याच रात्री ठरवलं, यापुढं आपला मजकूर आपल्या हातानं छापायचा. हे काही आकाशातलं काम नाही. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या पोरांनी कलाशाळा ताब्यात घेतली आणि स्क्रीनवरच पोस्टरं काढून शहराच्या भिंती भरल्या.

आता नीट ऐका. चौकटीवर ताणलेली जाळी आधी भांड्यांच्या साबणानं धुवा. तेलकट राहिली तर इमल्शन धरत नाही. जाळी वाळली की पिवळ्या दिव्याखाली इमल्शनमध्ये उजेडाला दाद देणारं रसायन कालवा. कोटरनं खालून वर एक सरळ हात, दोन्ही बाजूंनी. मग अंधारात आडवी ठेवून पंख्याखाली वाळवा.

अक्षरं ट्रेसिंग पेपरवर काळ्याकुट्ट शाईनं काढा. हा झाला पॉझिटिव्ह. कागदाला टेकणाऱ्या बाजूवर तो उलटा ठेवायचा, म्हणजे शाईच्या बाजूनं सुलटा वाचता येतो. मी पहिल्यांदा सुलटा ठेवला. आमची घोषणा आरशात बघून वाचावी लागली! पॉझिटिव्हवर काच, जाळीच्या आतून काळं कापड आणि स्पंज. मग उजेड.

उजेड लागतो तिथं इमल्शन कडक होतं. अक्षराखाली उजेड पोचत नाही, तिथं ते मऊ राहतं. गार पाण्याची हलकी धार सोडली की तेवढंच धुऊन जातं, जाळी मोकळी होते. तिथूनच शाई कागदावर उतरते. उजेड कमी पडला तर सगळंच वाहून जातं. जास्त झाला तर बारीक रेघा आणि अनुस्वार बुजतात. म्हणून आधी पुठ्ठा थोडा थोडा सरकवत एकाच जाळीवर वेगवेगळा वेळ देऊन बघा. प्रत्येक दिव्याचा हिशोब वेगळा.

आता ज्यासाठी आलो ते बोलतो. ते कालवायचं रसायन पुष्कळ ठिकाणी बायक्रोमेट असतं. केशरी, स्वस्त. त्यातल्या क्रोमियमनं कॅन्सर होतो. लग्नपत्रिकांच्या एका कारखान्यात मी ते दोन वर्षं उघड्या हातानं कालवलं. बोटांच्या बेचक्यात जखमा झाल्या. शेठ म्हणाला, 'हळद लाव.' हातमोज्यांचं नाव नाही काढलं.

पण माझे हात सोडा. जाळी धुतलेलं ते पिवळं पाणी जातं कुठं? मोरीत. मोरीतून गटारात. आणि गटारात कोण उतरतं, हे या खोलीत कुणाला सांगायला नको. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी आपला माणूस उतरतोच. पोस्टरावर समता छापायची आणि विष आपल्याच भावाच्या अंगावर सोडायचं? मग तो शेठ आणि आपण यांत फरक काय राहिला?

म्हणून आपल्या स्क्रीनवर डायझो. त्यात क्रोमियम नसतं. महाग पडतं, मान्य. वर्गणी काढू. दोन रंगांचं पोस्टर एका रंगात काढू. हातमोजे तरीही घालायचेच. भांड्यात उरलेलं इमल्शन मोरीत ओतायचं नाही, कागदानं पुसून घ्यायचं.

आणि शिकलात की दुसऱ्याला शिकवा. विद्या कोंडून ठेवणाऱ्यांनी आपलं काय केलं ते आपण भोगलंय. आपण ती कोंडायची नाही.

चला, पिवळा दिवा लावा. पहिला हात कोण मारतंय?

जय भीम.