डेव्ह मॅके : दोनदा मोडलेला पाय



फुटबॉलात गोल करणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. आज बोलायचे आहे ते मधल्या फळीतल्या एका माणसाविषयी. प्रतिपक्षाचा चेंडू अडवायचा आणि तोच पुढच्या गड्यांच्या पायाशी नेऊन द्यायचा, असे दुहेरी काम ज्याच्याकडे असे, त्याला त्या काळी हाफबॅक म्हणत. एडिंबरोत १९३४ साली जन्मलेला डेव्ह मॅके हा असा हाफबॅक.

आपल्याच गावच्या हार्ट्‌स संघाचा तो कर्णधार असताना, १९५७-५८ च्या हंगामात, त्या संघाने ३४ सामन्यांत १३२ गोल करून स्कॉटलंडची लीग जिंकली. पुढे १९५९ च्या मार्चमध्ये तो लंडनच्या टॉटनहॅमकडे गेला. त्या वेळी इंग्लंडात खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून अधिक पगार देण्यास मनाई होती! १९६१ साली ती उठली, आणि त्याच साली टॉटनहॅमने लीग व एफ. ए. कप ही दोन्ही विजेतेपदे एका हंगामात मिळवली. विसाव्या शतकात तोवर इंग्लंडात हे कोणाला साधले नव्हते.

पण मला महत्त्वाची वाटतात ती पुढची वर्षे. १९६३ च्या डिसेंबरात मँचेस्टरला मॅकेचा डावा पाय मोडला. तो अंथरुणातून उठून सरावाला लागतो न लागतो तोच, १९६४ च्या जुलैत, त्याचा संघबंधू जॉन व्हाइट गोल्फच्या मैदानावर वीज पडून गेला. सप्टेंबरात मॅके दुय्यम संघातून खेळायला उतरला, आणि तोच पाय पुन्हा मोडला. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबता, आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती.

हा गडी परतला. १९६६ साली लीड्सच्या ब्रेम्नरने त्याच पायावर लाथ मारली, तेव्हा मॅकेने त्याची गचांडी धरली. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले; मॅकेला मात्र ते कधी आवडले नाही. त्यात आपण दांडगट दिसतो, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी त्याने कर्णधार म्हणून एफ. ए. कप उचलला.

१९६८ साली ब्रायन क्लफने त्याला डर्बीला नेले. पाय मंदावले होते, म्हणून त्याला मागच्या फळीत उभे केले, आणि दुसऱ्या श्रेणीतला तो संघ वर चढला. पुढे १९७३ साली क्लफ गेल्यावर मॅके तिथे व्यवस्थापक म्हणून आला, तेव्हा खेळाडू क्लफसाठी संपाची भाषा बोलत होते. त्याच संघाने त्याच्या हाताखाली १९७५ साली इंग्लंडची लीग जिंकली.