यंत्राचा आराखडा आणि सेवेचे उद्दिष्ट

(तंजावर येथील अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



लांबचा प्रवास करून आपण येथे आला आहात. बृहदीश्वराचे देऊळ आणि सरस्वती महाल पाहण्याची सर्वांनाच ओढ असणार, म्हणून मी वेळ बेताचाच घेईन. विषय मात्र आपल्या रोजच्या कामाचा आहे. खात्याची संगणक शाखा पाच-दहा वर्षांची योजना आखते. खात्याची स्वतःचीही काही उद्दिष्टे असतात. या दोहोंचा मेळ बसतो की नाही, हे कोणी पाहायचे आणि कसे पाहायचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पुष्कळांना वाटेल की, ही साहेबांची बाब आहे. योजना मुख्यालयात लिहिली जाते, मंजुरी दिल्लीत मिळते, मग आपण त्यात डोके का घालावे? याचे उत्तर सोपे आहे. योजना वर लिहिली जाते, पण ती चालवावी लागते आरक्षणाच्या खिडकीवर, मालधक्क्यावर, आर.एम.एस.च्या सॉर्टिंगमध्ये आणि खेड्यातल्या ब्रँच पोस्टात. ती फसली तर गिऱ्हाईक जाब आपल्याला विचारते. संगणक शाखेचा पत्ताही त्याला ठाऊक नसतो. म्हणून योजना आखली जात असतानाच आपण तिच्याकडे पाहिले पाहिजे.

प्रथम या गावातलेच एक उदाहरण घेऊ. सरस्वती महालात मराठ्यांच्या दरबारचे मोडी कागद जपून ठेवलेले आहेत आणि त्यांत छत्रांच्या खर्चाचेही हिशेब आहेत. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी येथील भोसले राजांनी छत्रे बांधली. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी उभारलेले ओरत्तनाडूचे छत्र त्यांपैकीच एक. आल्या-गेल्याला अन्न आणि निवारा मिळावा, हे छत्राचे उद्दिष्ट होते. कारकुनाचे दप्तर त्या उद्दिष्टाच्या सेवेत होते. मोडी अक्षर कितीही वळणदार असो, वाटसरू उपाशी गेला तर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही. दप्तर हे त्या काळातले तंत्रच होते. आजच्या संगणकाला आपण हीच कसोटी लावली पाहिजे.

आता रेल्वेकडे वळू. आपल्यातल्या जुन्या मंडळींना संगणकापूर्वीचे आरक्षण आठवत असेल. गाडीगाडीची वेगळी वही आणि वेगळी खिडकी असे. एका रांगेत तासभर उभे राहून नंबर लागला, की कळायचे, ही खिडकी आपल्या गाडीची नव्हे. परतीचे आरक्षण हवे तर दुसऱ्या स्टेशनला तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीला संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे ते पोचले. त्या काळी संगणक म्हटले की नोकऱ्या जाणार, अशी धास्ती कामगारांत होती आणि ती निराधार नव्हती. तरीही ही योजना लोकांनी स्वीकारली, कर्मचाऱ्यांनी चालवली. कारण तिचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येत होते: कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळाले पाहिजे. प्रवाशाला ते पटत होते, क्लार्कला पटत होते आणि खिडकीवरची रांग पाहून त्याचा पडताळाही घेता येत होता.

पण येथेही एक उणीव राहिली. ही पाच मोठी केंद्रे प्रारंभी आपापल्या पुरती चालत. प्रवासी तर एका केंद्राच्या हद्दीत राहत नाही. तो मुंबईहून मद्रासला जातो आणि परतही येतो. पाचही केंद्रे एकमेकांना जोडण्याचे काम १९९९ मध्ये पुरे झाले. म्हणजे पहिल्या यंत्रापासून देशभर एक जाळे होईपर्यंत जवळजवळ १४ वर्षे गेली. यातून शिकायचे ते असे, की यंत्र बसले म्हणजे उद्दिष्ट गाठले असे होत नाही. यंत्राचा हिशेब शाखेच्या कागदावर पूर्ण होतो, सेवेचा हिशेब प्रवासी घरी पोचल्यावर पूर्ण होतो.

मालवाहतुकीचे उदाहरण याहून बोलके आहे. रेल्वेचे 'क्रिस' हे संगणक केंद्र १९८६ मध्ये स्थापन झाले, ते मुख्यतः मालवाहतुकीची माहिती संगणकावर आणण्यासाठी. कोणती वॅगन कोठे उभी आहे, भरलेली की रिकामी, हे तत्काळ कळावे, म्हणजे वॅगनचा फेरा लवकर होईल, असा त्यामागचा हेतू. हेतू उत्तमच होता. हा तंजावर भाग कावेरीच्या खोऱ्यातला, भाताचे कोठार. पीक निघाले की येथून भाताच्या आणि तांदळाच्या गाड्या भरून तामिळनाडूच्या इतर जिल्ह्यांत जातात. त्या दिवसांत रेक वेळेवर मिळाला नाही, तर पोती उघड्यावर राहतात आणि पावसाचा भरवसा नसतो. अशा वेळी वॅगनची खरी माहिती म्हणजे शेतकऱ्याच्या धान्याचे रक्षण आहे.

ही खरी माहिती यंत्रात येते कोठून? मालधक्क्यावरच्या गुड्स क्लार्ककडून. रेक किती वाजता लागला, भरणी किती वाजता पुरी झाली, यावर डेमरेज ठरते. एकाच माणसाला धक्क्यावर फिरायचे, व्यापाऱ्याशी बोलायचे, रजिस्टर लिहायचे आणि वर पडद्यावर नोंदही करायची, असे असेल तर नोंद उशिरा होणार. उशिरा झालेली नोंद अंदाजाने भरली जाणार. मग मुख्यालयातल्या पडद्यावर दिसणारे चित्र सुंदर, पण खोटे असणार. संगणक शाखेने योजनेत यंत्राची किंमत धरली आणि नोंद करणाऱ्या माणसाची वेळ धरली नाही, तर खात्याचे उद्दिष्ट तेथेच निसटते. माणूसबळाची मागणी आपण करतो तेव्हा ती कामगाराच्या सोयीची म्हणून बाजूला सारली जाते. ती योजनेच्या यशाचीच अट आहे, हे आपण याच भाषेत मांडायला शिकले पाहिजे.

आता टपाल खाते. टपालात संगणक आला तेव्हा खिडकीवरची 'मेघदूत' ही प्रणाली म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात, खात्याच्याच लोकांनी तयार केली होती. पुढे २०१२ मध्ये सुमारे ४,९०९ कोटी रुपयांचा आधुनिकीकरण प्रकल्प मंजूर झाला आणि मोठ्या खासगी कंपन्यांकडे कामे गेली. डिसेंबर २०१७ मध्ये 'दर्पण' योजना आली. सुमारे १,४०० कोटी रुपये खर्चून १ लाख २९ हजार ब्रँच पोस्टांना हातातली यंत्रे देण्याचे ठरले. खेड्यातल्या माणसाला दारात बँकेसारखी सेवा मिळावी, हे उद्दिष्ट. त्याबद्दल कोणाचाच वाद नाही. परंतु ग्रामीण डाक सेवकाला मोबदला मिळतो तो दिवसाच्या चार किंवा पाच तासांच्या कामाचा. सिग्नल नाही म्हणून तो यंत्र हातात घेऊन ताटकळत राहिला, तर ती वेळ कोणत्या हिशेबात धरायची? आराखड्यात 'इतकी यंत्रे वाटली' असा रकाना असतो. 'सिग्नलवाचून किती तास गेले' असा रकाना कोठे आहे? तो रकाना नसेल तर योजना यशस्वी ठरते आणि सेवा मात्र अडते.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे 'एपीटी' ही नवी प्रणाली. ती खात्याच्याच म्हैसूरच्या तंत्रज्ञान केंद्राने तयार केली. आपल्या कामाची रीत आपल्याच माणसांना ठाऊक असते. म्हणून काम पुन्हा खात्यात आले याचे स्वागत केले पाहिजे. तिच्यासाठी ४ लाख ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याचे सरकारने सांगितले आहे. तीही मोठी गोष्ट आहे. आधी कर्नाटकात चाचणी घेतली, हेही योग्यच झाले. परंतु देशभरातला शेवटचा टप्पा पुरा झाला तो दिवस पाहा: ४ ऑगस्ट २०२५. राखीपौर्णिमा होती ९ ऑगस्टला! बहिणी राख्यांची पाकिटे घेऊन खिडकीवर येतात, तोच आठवडा. सुरुवातीच्या दिवसांत यंत्रणा संथ चालल्याच्या, रांगा लागल्याच्या बातम्या अनेक ठिकाणांहून आल्या. नवी प्रणाली पहिल्या आठवड्यात अडखळते, यात नवल काही नाही. मात्र अडखळायला तोच आठवडा का निवडावा? संगणक शाखेच्या पंचांगात तो दिवस टप्पा पुरा करण्याचा असेल. खात्याच्या पंचांगात तो राखी पोचवण्याचा आहे. योजना आणि उद्दिष्ट यांचा मेळ म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. खिडकीवरच्या एखाद्या पोस्टल असिस्टंटला आधी विचारले असते, तर त्याने तारीख बदलायला क्षणात सांगितले असते.

तेव्हा आपण करायचे काय? केवळ विरोध करून भागणार नाही. यंत्र येऊ द्यावे आणि मग भत्ता मागावा, हाही मार्ग अपुरा आहे, कारण तोवर योजना ठरून गेलेली असते. रेल्वेत १९५२ पासून पी.एन.एम. आहे, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून जे.सी.एम. आहे. या बैठकांच्या विषयपत्रिकेवर संगणक शाखेची योजना आली पाहिजे आणि तिच्या प्रत्येक बाबीला आपण सहा प्रश्न विचारले पाहिजेत.

एक, या यंत्राने खात्याचे कोणते उद्दिष्ट पुरे होणार? उत्तर एका वाक्यात आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत हवे. 'कार्यक्षमता वाढेल' हे उत्तर नव्हे.

दोन, मोजणार काय? बसवलेली यंत्रे मोजू नका. रांगेतली वेळ मोजा, पाकीट पोचायला लागलेले दिवस मोजा, वॅगन अडकून पडलेले तास मोजा.

तीन, कोणाचे काम कमी होणार आणि कोणाचे वाढणार? वही आणि संगणक दोन्ही चालवायचे असतील तर किती दिवस, आणि वही बंद करण्याचा हुकूम कोण काढणार?

चार, सुरुवातीची तारीख कोणती? सण, महिन्याची पहिली तारीख, निवृत्तिवेतनाचे दिवस, सुगीचा हंगाम टाळला आहे ना?

पाच, यंत्र बंद पडले तर? हाताने पावती देण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला हवा आणि त्या काळातल्या चुकांसाठी त्याच्यावर आरोपपत्र येऊ नये.

सहा, शिक्षण कधी आणि कोणत्या भाषेत? ते कामाच्या वेळेत हवे आणि कर्मचाऱ्याला समजणाऱ्या भाषेत हवे.

या सहा प्रश्नांत कोठेही यंत्राला नकार नाही. उलट, चांगल्या अधिकाऱ्याला हे प्रश्न हवेच असतात, कारण वरून आलेली योजना खाली कोठे अडेल हे त्याला कागदावरून दिसत नाही. ते आपल्याला दिसते. ही माहिती म्हणजे आपले बळ आहे आणि ते आपण आजवर पुरते वापरलेले नाही.

एक इशारा मात्र देतो. हे प्रश्न विचारायचे तर आपल्या शाखेकडेही नोंदी हव्यात. 'फार त्रास होतो' एवढे सांगून बैठकीत कोणी ऐकत नाही. अमुक तारखेला, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत यंत्रणा बंद, रांगेत इतके लोक, इतक्या पावत्या हाताने दिल्या, असे वहीत लिहून ठेवलेले असेल तर साहेबालाही ते टाळता येत नाही. प्रत्येक शाखेने अशी एक वही आजपासून ठेवावी. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन पुढच्या बैठकीला जावे आणि संगणक शाखेच्या योजनेची प्रत लेखी मागावी.

रेल्वे आणि टपाल ही लोकांची खाती आहेत. त्यांचे उद्दिष्ट माणूस, माल आणि कागद सुखरूप पोचवणे हे आहे. त्या उद्दिष्टाला जो आराखडा धरून आहे, त्याच्या मागे आपण उभे राहू. जो सोडून आहे, तो दुरुस्त करून घेऊ.  आता प्रश्न विचारावेत.