रायगडावरील 350 वा राज्याभिषेकदिन



ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, 2 जून 2023 रोजी, रायगडावर साजरा झालेल्या 350 व्या शिवराज्याभिषेकदिनास आम्ही उपस्थित होतो. त्याची हकीकत ऐकवावी असा आपला आग्रह. आणि खरे सांगावयाचे तर ती सांगण्याची हौस आम्हांलाही काही कमी नाही!

आदल्या रात्री पाचाडास पोहोचलो. रज्जुमार्गाची सोय असूनही आमच्या मंडळींनी पहाटेच्या अंधारात पायऱ्यांचीच वाट धरली. दीड हजाराच्या आसपास त्या पायऱ्या! मुखी जयघोष, हातांत विजेऱ्या, आणि चाळिशी उलटलेल्या संपादकाच्या छातीचा भाता झालेला. महाद्वार ओलांडले तेव्हा उजाडले होते. नगारखान्यापुढे ढोलताशे असे दणाणत होते की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येईना. सोहळ्याचे वर्णन आपण वाचलेच आहे. व्यासपीठावरील मान्यवरांची नामावळी आम्ही पुन्हा वाचीत नाही.

आमच्या स्मरणात राहिली ती निराळीच गोष्ट. गर्दी ओसरल्यावर होळीच्या माळावर खानापूर तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी गावची मुले भोवती घेऊन बसले होते. “मुजुमदार?” गुरुजी विचारीत. “अमात्य!” पोरे ओरडत. “सुरनीस?” “सचिव!” “डबीर?” “सुमंत!” “सरनोबत?” “सेनापती!” एका चुणचुणीत मुलीने मध्येच विचारले, “गुरुजी, पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मग लोक पेशवाच का म्हणत राहिले?” गुरुजी खळखळून हसले. म्हणाले, “बाळ, लोकांच्या जिभेवर राजाज्ञा चालत नाही.”

राज्याभिषेक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सभासदाच्या बखरीतील बत्तीस मण सोन्याचे सिंहासन उभे राहते. परंतु 6 जून 1674 रोजी छत्र धारण करणाऱ्या महाराजांनी त्याच सुमारास दप्तराची भाषाही पालटावयास घेतली होती. रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करविला; सुमारे 1,400 फारसी-दख्खनी शब्दांना पर्याय सिद्ध झाले. कोणी म्हणेल, तेही शब्द संस्कृत, कुणब्याच्या तोंडचे नव्हेत. आक्षेप रास्त आहे. तथापि दप्तर कोणत्या भाषेत लिहावे हा राज्याचाच प्रश्न होय, हे महाराजांनी ओळखले होते. आपल्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणाऱ्या सीमाभागातील श्रोत्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

उतरल्यावर पाचाडास जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी थांबलो. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, 17 जून 1674 रोजी, त्या माउलीने देह ठेवला. गडावर मुंगीला वाट मिळत नव्हती. येथे आम्ही आणि गुरुजींची पोरे, एवढेच. त्या मुलीने फुले वाहिली आणि आम्हांस विचारले, “आईसाहेबांनी सोहळा पाहिला होता ना?” पाहिला होता, असे आम्ही सांगितले, आणि मंडळी मोटारीकडे वळली.