पोट शांत झालं, तरी तपासणी हवी

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येण्याच्या आजारात, रक्त-जुलाब थांबले की गोळ्या सोडण्याचा मोह होतो. पण लक्षणं गेली तरी आतड्याची सूज टिकू शकते; शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी किंवा दुर्बिणीची तपासणी ती दाखवते. केळी-ताक मानवलं, तरी ते औषधाची जागा घेत नाही. 'वर्षानुवर्षं औषध घेतल्याने अपाय होईल का' ही शंका रास्त आहे, म्हणून तर मेसालामाइन हे या आजारावरचं औषध घेताना मूत्रपिंड अधूनमधून तपासतात. मोठा धोका आपल्या मनाने चालू ठेवलेल्या स्टेरॉइडचा: हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. शिवाय आपल्याकडे क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आणि आतड्याचा क्षय फसवण्याइतके एकसारखे दिसतात; म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधापूर्वी क्षयाची तपासणी हवीच. आणि स्टेरॉइड एकाएकी थांबवू नका; डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करा.