बीडचें भवितव्य आणि पॅरिसची सभा

सन १९४८ च्या सप्टेंबरांत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत मोडत होता. १३ तारखेस भारताच्या फौजा संस्थानांत शिरल्या आणि १६ रोजीं, हजारों कोस दूर पॅरिसमध्यें, संयुक्त राष्ट्रसंघाची सुरक्षा समिति याच संस्थानाचा विचार करावयास बसली. राष्ट्रांची सभा निर्णय कसा करते, हें जाणावयास मराठवाड्याला याहून जवळचें उदाहरण नाहीं.

सभासद नसलेल्या राष्ट्रासही सनदेच्या ३५ व्या कलमान्वयें संघापुढें तक्रार नेतां येते. त्याच आधारावर निजाम सरकारनें २१ ऑगस्ट रोजीं अर्ज धाडला होता. परंतु हैदराबाद हें स्वतंत्र राष्ट्र होतें काय? तें तसें कधींच नव्हतें, असें भारताचे प्रतिनिधि रामस्वामी मुदलियार यांचें म्हणणें होतें.

समितीनें हा वाद तूर्त बाजूस ठेवला व विषय कामकाजांत घ्यावा कीं नाहीं, एवढ्यावरच मतें घेतलीं. हा प्रश्न केवळ कार्यपद्धतीचा. त्यास तेव्हांच्या ११ सभासदांपैकीं कोणत्याही ७ जणांची संमति पुरे होती. ८ मतें अनुकूल पडलीं. सोव्हिएट रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. प्रत्यक्ष उपाय ठरवावयाचा असता, तर मात्र पांच कायम सभासदांपैकीं एकाचा विरोधही तो हाणून पाडूं शकला असता. विचाराचें दार रुंद, कृतीचें अरुंद! बलाढ्य राष्ट्रांच्या इच्छेविरुद्ध संघ टिकणार नाहीं, या धास्तीनें १९४५ सालीं ही रचना झाली. १९६५ सालीं सभासद १५ झाले, ७ ऐवजीं ९ मतांचा नियम आला. पांचांचा नकाराधिकार तसाच राहिला.

दुसऱ्याच दिवशीं निजामानें लढाई थांबविली आणि २२ तारखेस तक्रार मागें घेतल्याची तार केली. मे १९४९ मध्यें समितींत पुन्हां चर्चा झाली. ठराव झाला नाहीं.

त्या सभेंत दोन सरकारें बोललीं. बीड, गेवराई, आंबेजोगाईच्या रयतेस तेथें जागा नव्हती, कारण संघ सरकारांस ओळखतो, माणसांस नव्हे. आंबेजोगाईच्या शाळेंत एके काळीं शिकविणारे, रयतेचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ त्या दिवशीं निजामाच्या तुरुंगांत होते. जगाच्या सभेंत रयतेचा शब्द पोहोंचावा, तर आधीं घरचें सरकार तिच्या मतानें बनावें लागतें. बीडच्या मतदारांस प्रौढ मतदानाचा हा अधिकार १९५२ च्या निवडणुकींत मिळाला.