रजेचा ताळेबंद
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. ज्यांनी नोकऱ्या मिळविल्या, पदे भूषविली, त्यांचे सत्कार या व्यासपीठावरून होत आले आहेत. आम्ही तर हातची नोकरी सोडून एक वर्ष भटकून आलेले! तथापि आपल्यातील पुष्कळ तरुण आज बँका, विमा आणि शेअरबाजार यांच्या व्यवसायात आहेत. त्यांपैकी काहींनी ‘असे करावे काय?’ म्हणून आम्हांस खाजगीत विचारले आहे. त्याचे उत्तर उघडपणे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मुंबईतील एका बँकेच्या कर्जविभागात आम्ही २० वर्षे काढली. एका रात्री साडेअकराच्या सुमारास आम्ही एका प्रकरणावर सही केली. दुसऱ्या दिवशी आमच्या हाताखालील एका मुलीने दाखवून दिले की, तारणाच्या किमतीत एक शून्य अधिक पडले होते. रक्कम अद्याप दिली गेली नव्हती, म्हणून निभावले. तो कागद आम्ही वाचला होता. परंतु आम्हांस तो दिसला मात्र नव्हता. त्या दिवशी आम्ही घाबरलो.

विश्रांतीची गरज या व्यवसायास ठाऊक नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या आदेशानुसार, जोखमीच्या जागी काम करणाऱ्या बँक कर्मचाऱ्यास दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीने रजेवर पाठवावे लागते. हेतू हा की, त्याची वही दुसऱ्याच्या हाती जावी आणि लपलेले उघडे पडावे. फ्रान्समधील सोसिएते जेनेराल या बँकेस जेरोम केर्व्हिएल याच्या व्यवहारांमुळे सुमारे ४.९ अब्ज युरोंचा तोटा झाल्याचे जानेवारी २००८ मध्ये जाहीर झाले. या गृहस्थाने २००७ साली अवघे ४ दिवस रजा घेतली होती! हा नियम लबाडी पकडण्यासाठी आहे, हे खरे. परंतु थकवाही लबाडीप्रमाणेच लपून राहतो, आणि तो प्रथम स्वतःपासूनच लपतो.

आमचा विचार वडिलांच्या कानी घातला, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. ते गिरणीकामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही ४ वर्षांचे होतो. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपानंतर असंख्य कामगारांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. आमच्या वडिलांनाही नाही. अखेरीस ते एवढेच म्हणाले, “आमच्या हातचे काम गेले. तू आपल्या हाताने टाकतोस?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ज्याला परत येण्याची आशा आहे, त्याचीच रजा. इतरांची ती बेकारी. हा भेद विसरून आम्ही आपणांस उपदेश करू लागलो, तर ते पाप होईल.

म्हणून आम्ही दोन वर्षे तयारी केली. घराचे कर्ज फेडले. दीड वर्षाचा घरखर्च निराळा ठेवला. नोकरीबरोबर कचेरीचा आरोग्यविमा संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र विमा उतरविला. भविष्यनिर्वाह निधीस हात लावला नाही. आमची पत्नी शिक्षिका आहे. तिच्या संमतीवाचून यातील काहीच घडले नसते.

२०२२ च्या कार्तिकी एकादशीनंतर आम्ही ओंकारेश्वराहून नर्मदेची परिक्रमा पायी सुरू केली. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची आणि ती ओलांडावयाची नाही, हा तिचा नियम. सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणीच्या झाडीतील जुनी वाट गेली, म्हणून आम्ही शहादा, प्रकाशा यांवरून गेलो. समुद्रसंगमापाशी विमलेश्वराहून नावेने मिठीतलाईस उतरलो, आणि उत्तर तीराने अमरकंटकाकडे वळलो. शास्त्राप्रमाणे ही यात्रा ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांची. आम्ही ती साडेपाच महिन्यांत केली. उरलेले महिने दक्षिणेकडील गावे पाहण्यात गेले.

त्या वाटेवर एक गोष्ट आम्हांस कायमची समजली. परिक्रमावासीयास गावोगाव शिधा मिळतो. ज्यांच्या अर्जावर आम्ही कचेरीत ‘अपात्र’ असा शेरा मारला असता, अशा घरांतून आम्हांस पीठ, डाळ, मीठ मिळाले. कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, जामीनदार मागितला नाही. २० वर्षे आम्ही माणसांची पत मोजली. पण पत म्हणजे काय, हे आम्हांस त्या ओट्यांवर कळले.

परतल्यावर नोकरी मिळण्यास ४ महिने लागले. पगार कमी झाला, आणि आमचा वरिष्ठ आमच्याहून ९ वर्षांनी लहान आहे. हा खर्चही ताळेबंदात मांडलाच पाहिजे. जमेच्या बाजूस एवढेच, की आता आम्ही कागद वाचतो तेव्हा तो आम्हांस दिसतो, आणि त्यामागचा अर्जदारही दिसतो. घरी आलो तेव्हा वडिलांनी फक्त विचारले, “पाय दुखतात का?”

तरुणांना आमचे सांगणे एवढेच : कर्ज काढून प्रवासास जाऊ नका, कचेरीवर रागावून जाऊ नका, पण शिल्लक असेल आणि डोळ्यांना दिसेनासे झाले असेल, तर भिऊही नका. आणि वडीलधाऱ्यांस विनंती, की वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात एखाद्याच्या नोकरीत एक वर्ष रिकामे दिसले, तर तो अर्ज बाजूस सारण्यापूर्वी त्या मुलास वा मुलीस बोलावून घ्या, आणि ते वर्ष कसे गेले हे विचारा.