रक्त व मूत्रपिंडविषयक संशोधन : तरुणांना खुल्या असलेल्या वाटा
(शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या मुलास “डॉक्टर होणार का?” असे आपण सहज विचारतो, “संशोधक होणार का?” असे सहसा कोणी विचारीत नाही. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. तथापि हा दुसरा प्रश्न किती निकडीचा आहे, हे आपणांपुढे मांडू इच्छितो.

सन १९५२ मध्ये मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुर्मिळ रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. आज तो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. अशा व्यक्तीचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे भासते. परंतु तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते. संशोधनाचे मोल यावरून ध्यानी यावे.

मूत्रपिंडाचा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. मधुमेह वा रक्तदाब ही नेहमीची कारणे त्यांपैकी सर्वांना लागू पडत नाहीत. डायलिसिसने रुग्णाचे आयुष्य वाढते, रोगाचे मूळ मात्र सापडत नाही. त्यासाठी पाणी, माती, आहार व व्यवसाय यांचा अभ्यास करणारे, गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलू शकणारे संशोधक हवेत.

अशांसाठी वाटा खुल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन विद्यावृत्ती सुरू केली. एम.एस्सी. झालेल्यांना राष्ट्रीय परीक्षेद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवून पीएच.डी. करता येते. डॉक्टरांना एम.डी.नंतर मूत्रपिंडविकारांत डी.एम., तर एम.एस.नंतर मूत्ररोग शस्त्रक्रियेत एम.सीएच. हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. रक्तविकारांच्या संशोधनासाठी मुंबईत परिषदेची स्वतंत्र संस्था आहे. आपल्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा तर १८४२ पासूनची आहे.

अधिछात्रास दरमहा विद्यावेतन मिळते, हे पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. “आणखी किती वर्षे शिकवायचे?” या चिंतेने हुशार मुलीचे शिक्षण पदवीवरच थांबते. शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी आणि पंचायतींनी तिचे सूचनाफलक लावावेत, एवढीच माझी विनंती. काणकोणच्या कोड्याचे उत्तर उद्या पेडण्याच्या वा डिचोलीच्या एखाद्या मुलीने शोधले, तर आजचे आपले येथे जमणे सार्थकी लागेल.